पालथं ताट

—बसा म्हटलं तर बसणार नाही, चहा म्हटलं तर नको, मग दारात उभं राहून माझ्या मुलीचं वजन काय मोठ्यानं सांगताय? सगळ्या मजल्याला ऐकवायचंय का? आत या. ती खुर्ची नको, तिच्यावर हॉटेलवाल्यांचे शर्ट आहेत, आत्ता इस्त्री झालीय. राहा मग उभ्या. हो, शाळेच्या नर्सबाई तुम्ही, कळलं, चिठ्ठी वाचता येते मला. चार महिन्यांत पाच किलो. बरं मग? नऊ वर्षांची पोर वाढणार नाही तर काय आटणार? आणि वर्गात तिला ‘पिंप’ म्हणतात, त्या पोरांच्या घरी जाता का हो तुम्ही असं वजनकाटा घेऊन?

काय? उशिरा खाते? कोण, माझी मुलगी? अहो, आमच्याकडे साडेसातला पानं वाढतात—साडेसात म्हणजे साडेसात, घड्याळ लावून घ्या. नऊला दिवा बंद. मला पहाटे चारला उठून इस्त्री तापवायची असते, मी पडले की मेल्यासारखी झोपते, आणि ती माझ्या शेजारीच असते. पाणी प्यायलासुद्धा उठत नाही—म्हणजे मला तरी कधी कळलं नाही. कळलं असतं ना? आई आहे मी. हसू नका. नाही हसलात? बरं.

रात्री या घरात जेवतो तो एकटा तिचा बाप. दुसरी पाळी असते, बाराला येतो, बाहेरच्या खोलीत झोपतो. त्याचं ताट मी ओट्यावर झाकून ठेवते—हे लिहू नका, तुम्हाला कशाला हव्यात आमच्या भानगडी? आम्ही बोलत नाही, झालं समाधान? चार महिने झाले. हो, तेवढेच, काय बघताय? पण माझ्या हातचं खातो. सुरुवातीला नाही खाल्लं. आठवडाभर रोज सकाळी बघावं तर ताट जसंच्या तसं, भात वाळून खडखडीत. एके दिवशी मी ते ताट भातासकट मोरीत आपटलं, आणि दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. पोरगी दाराला धरून नुसती बघत होती. आणि दुसऱ्या सकाळी काय? ताट रिकामं! नुसतं रिकामं नाही हो, घासून, पुसून, पालथं घातलेलं. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा पेला विसळला नाही—त्यानं! मी तेव्हाच बहिणीला फोन केला, म्हटलं, आम्हाला न्यायला येणार होतीस ना, नको येऊस, ताट धुतलंय त्यानं. काही माणसांना तोंडानं माफी मागता येत नाही, नर्सबाई. तुमचं लग्न झालंय का? मग तुम्हाला नाही कळायचं. मीही मग हात सैल सोडला, एका अंड्याची दोन केली, भात दाबून वाढायला लागले. सगळं जातं. शीत राहत नाही.

काय मघापासून ती वही पुढे करताय? आठ दिवस लिहायला लावलंत पोरांना, कधी खाल्लं, काय खाल्लं—पोरं काय, वाट्टेल ते लिहितात. मला नाही बघायची. नाही, आणाच इकडे, तुमचं म्हणणं तुमच्याच घशात घालते. हे बघा, तिचंच अक्षर. सोमवार. सकाळी सात, दूध. संध्याकाळी साडेसात, भात, भाजी. ऐकलंत? साडेसात! रात्री अकरा—

रात्री अकरा. बाबांचं ताट. भात, दोन अंडी. पोट दुखलं. ताट धुतलं.

मंगळवार... रात्री अकरा. बाबांचं ताट. बुधवार. बाबांचं ताट. भात जास्त होता. बाबा बाहेरूनच जेवून येतात. गुरुवार—थांबा, थांबा हो जरा—गुरुवार. बाबांचं ताट. सकाळी आई गाणं म्हणत होती.

हे कुठं लिहायला सांगितलं होतं तुम्ही? गाण्याचं? हे खाण्यात येतं का?

तुम्ही वाचलं होतंत. वाचूनच आलात. म्हणून बसत नव्हतात.

हात नका लावू मला. कुणी बोलावलं होतं तुम्हाला? वजन करायचं, निघून जायचं, एवढंच काम ना तुमचं? आणि तिला काही विचारायचं नाही, कळलं? शाळेत बोलवून, मांडीवर घेऊन, गोड बोलून—काही नाही. ती आता येईल. मला तोंड धुवायचंय त्याच्या आत. मला बहिणीला फोन करायचाय.

वही राहू दे इथं. आजचं मीच लिहिते. साडेसात. दोनच ताटं.

निघा.