बॉयलर रूममधले तीन ठोके

संग्रहालय झालेल्या जुन्या युद्धनौकेवर एक शिक्षिका रांगेत उभी होती. तिच्या पुढेच, साखळी लावलेल्या जिन्यापाशी एक म्हातारे गृहस्थ पहारेकऱ्याशी बोलत होते.

“काका, खाली जायला बंदी आहे. पाटी वाचा ना.”

“वाचली रे बाबा. नऊ वर्षं त्याच बॉयलर रूममध्ये घाम गाळलाय मी.”

“माझी नोकरी जाईल हो.”

“मग मी नाही जात. तू जा, आणि हा जाड पाइप थेट खालपर्यंत जातो, त्यावर तिथून तीनदा ठोक. मी इथून ऐकतो.”

“त्यानं काय होणार?”

“मी वर वारा खायला यायचो. चहा झाला की माझा जोडीदार खालून तसंच ठोकायचा.”

“आता कुठे असतात ते?”

“गेल्या महिन्यात गेला. आमच्यातला तोच उरला होता. आता घरी भिंतींशी बोलतो मी.”

पहारेकऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं, साखळी काढली आणि तो खाली उतरला. म्हाताऱ्यांनी पाइपला कान लावला. रांग पुढे सरकली, पण शिक्षिकेचा पाय निघेना.

ठक. ठक. ठक.

“आलो रे,” म्हातारे पाइपला म्हणाले, “आलोच.”