काकूची म्हैस

तुम्ही मघापासून खरं-खोटं करत भांडून राहिले, म्हणून वच्छलाकाकू आठवली. सत्तरच्या दशकात आम्ही जरीपटक्याकडे राहायचो, तेव्हाची आमची शेजारीण. दूध विकून घर चालवायची. वस्तीला लागून रंगाचा कारखाना होता, त्याचं पाणी नाल्यात यायचं. ते पिऊन काकूची म्हैस मेली.

इलेक्शनचे दिवस होते. आमच्या उमेदवारानं सभेत ठोकून दिलं, "या नाल्यानं चाळीस म्हशी मारल्या!" समोरचा उमेदवार म्हणाला, "ते पाणी मी रोज प्यायला तयार आहे." पानठेल्यावर अर्धे याच्या बाजूनं, अर्धे त्याच्या. काकूला मात्र कोणीच काही विचारलं नाही.

शेवटी एक सरकारी साहेब पाण्याचा नमुना न्यायला आले.

"बाई, किती म्हशी मेल्या?"

"एक, जी. माही."

"अन् त्या चाळीस?"

"पुऱ्या वस्तीत चाळीस म्हशी नाहीत, साहेब."

साहेब हसले. "म्हणजे सगळी बोंब खोटीच." बाटली रिकामीच पिशवीत टाकली आणि नाल्यापर्यंत न जाता ते निघून गेले.

संध्याकाळी आमचा उमेदवार काकूच्या दारात येऊन तडकला, "काकू, चाळीस म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? एका म्हशीसाठी कोण कारखान्याले हात लावते?"

काकू गोठ्यात बसली होती. म्हणाली, "माह्यापाशी एकच होती, भाऊ. अजून कुठून मारू?"