पायरीवरची चांदणी

दार लाविले आतुनी, म्हणे प्रभू आम्हां घरी ।
प्रभू बैसला बाहेरी, लेकरांच्या पायरीवरी ॥

थांबा, थोमाभाऊ, पेटी जरा हळू. मागं बायका अजून सतरंज्या अंथरतायत, त्यांना टेकू द्या. टेकलात? बरं!

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चांगलं काम करणारा माणूस चांगलं काम करता करता पाप करू शकतो का? वाईट माणसाचं सोडा! त्याचं पाप आंधळ्यालाही दिसतं. मी विचारतोय चांगल्या माणसाचं. प्रार्थना करणाऱ्या, दशमांश देणाऱ्या, पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाचं. – पहिल्या बाकावरच्यांनी असं मागं वळून पाहू नका! तुमच्याबद्दलच चाललंय!

तर ऐका. आमच्या गावात एक बाई होत्या. सलोमीबाई अमोलिक. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्त झाल्या तेव्हा लोक म्हणाले, बाई, आता आराम करा. बाई म्हणाल्या, "आराम करायला कबर आहे की!" आणि दुसऱ्याच सोमवारी ख्रिस्तमंदिराच्या ओट्यावर चटई टाकून बसल्या. संध्याकाळी पाच ते सात. आमच्या मंदिरामागं मजुरांची वस्ती आहे. तिथली पोरं पाचवीत गेली तरी त्यांना धड वाचता येत नव्हतं. त्या पोरांना बाई फुकट शिकवायच्या. पाढे, वाचन, गणित, मग एक गाणं, एक प्रार्थना, शेवटी भिजवलेले हरभरे. कुणाचं नाक वाहत असेल तर पुसायच्या. कुणी चार दिवस आलं नाही तर काठी टेकत त्याच्या घरी जायच्या. सांगा बरं, हे देवाचं काम की नाही? – मोठ्यानं बोला की! जेवण नाही का झालं? – हां! देवाचंच काम!

त्या पोरांत एक होती तबिथा. अकरा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. आई शेवंता. बाप वर्षभरापूर्वी गेलेला. एक धाकटा भाऊ, अजून रांगणारा. ही तबिथा म्हणजे बाईंचा जीव! आत आल्या आल्या "बाई, आज काय?" असं विचारायची. आज काय आणलं, असं नाही हो! आज काय शिकायचं!

बाईंनी मनात एक बेत केला होता. जिल्ह्याच्या गावी मुलींचं बोर्डिंग आहे. पाचवीच्या मुलींची फेब्रुवारीत परीक्षा होते, पास झाली की सहावीपासून दहावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच. पण एकदाच बसता येतं. पाचवी सरली की दार बंद. बाईंनी फॉर्म आणून कपाटात ठेवला. तबिथाची भाषा उत्तम, पाढे तोंडपाठ. अडत होतं एकाच ठिकाणी. अपूर्णांक! छेद सारखे असले की बेरीज झटक्यात करायची, छेद वेगळे आले की पोरगी पेन्सिल चावत बसायची. बाई म्हणायच्या, "घाबरू नको गं. जानेवारीपर्यंत तुला शिकवते की नाही बघ!"

आता इथं गोष्ट वळते. – अहो काका, घड्याळ कशाला बघता? घरी म्हैस व्याली आहे का?

दिवाळीनंतर आमच्या मंडळीच्या कार्यकारिणीची बैठक झाली. विषय काय? रविवारच्या शाळेत पोरं कमी येतात! सोमवार ते शनिवार ओटा गच्च, आणि रविवारी आठ डोकी. कुणीतरी म्हणालं, "हरभरे खायला येतात, उपासनेला नको!" मग ठराव झाला. प्रत्येक पोराला एक निळं कार्ड. रविवारी उपासनेला आलं की कार्डावर एक सोनेरी चांदणी. सोमवारी बाईंनी कार्ड बघायचं. चांदणी असेल तर चटईवर. नसेल तर तो आठवडा घरी! सात हात वर झाले. ठराव पास. चहा आला, चिवडा आला.

बाईंना ठराव आवडला का? खरं सांगतो, आवडला. शिस्तीच्या बाई! नियम म्हटला की त्यांना बरं वाटायचं.

पहिला सोमवार. तबिथाचं कार्ड कोरं. "का गं?" पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरते. "जमलं नाय बाई." बाई म्हणाल्या, "मग मलाही जमणार नाही." पोरगी घरी गेली नाही. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिथून फळ्यावरचं वहीत उतरवू लागली. दुसरा सोमवार, तेच. ऊन तोंडावर, वही मांडीवर, पोरगी पायरीवर. बाईंना दिसत नव्हतं? दिसत होतं हो! आतून तुटत होतं. पण मनाशी म्हणाल्या, एकीला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगू?

तिसरा सोमवार. तबिथा उड्या मारत आली! कार्ड पुढं केलं. चांदणी!

बाईंचा चेहरा असा फुलला! म्हणाल्या, "ये गं माझी बाय, बस पुढं!" तेवढ्यात शेजारची अनुग्रहा नावाची मुलगी किंचाळली, "बाई, हिची चांदणी खोटी!"

बाईंनी चष्मा लावला. बघतात तर बिस्किटाच्या पुड्याचा सोनेरी कागद! कात्रीनं वेडावाकडा कापलेला, पाचाऐवजी सात टोकं, भाताच्या शितानं चिकटवलेला. एक शीत अजून कडेला वाळून बसलेलं.

"तबिथा! रविवारी उपासनेला होतीस?"

"व्हते बाई."

"मी दारात उभी होते. मला दिसली नाहीस!"

"बाई, म्या तितंच… बाई, कालचं सोनेरी वचन सांगू? समदं येतं मला –"

"गप्प! देवाच्या घरी चोरी करून वर वचन सांगतेस? चोराच्या तोंडून वचन ऐकायचं नाही मला!"

मंडळी, पंचवीस पोरं बघतायत. बाईंनी नखानं ती चांदणी खरवडली. कार्ड तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, "रविवारी मंडळीसमोर उभी राहा, खोटं केलं म्हणून कबूल कर. मग ये." पोरीनं कार्ड घेतलं. वही घेतली. पायरीवरून चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच गेली.

रविवारी आली का? नाही. पुढच्या रविवारी? नाही. कुणी चार दिवस आलं नाही की ज्या काठी टेकत त्याच्या घरी जायच्या, त्या सलोमीबाई या वेळी गेल्या नाहीत. का? कारण चूक पोरीची होती! तिनं यायला हवं! बाई ओट्यावर बसून वाट बघत राहिल्या. कपाटातला फॉर्म रोज दिसायचा. म्हणायच्या, आज येईल, माफी मागेल, मग सही करते. डिसेंबर गेला. नाताळ झाला. जानेवारीत फॉर्म भरायची अखेरची तारीख आली, आणि गेली. फॉर्म कोराच राहिला. फेब्रुवारीत परीक्षा झाली.

मेंढपाळाची गोष्ट आपल्याला पाठ आहे ना? नव्व्याण्णव मेंढरं सोडली आणि एकाच्या मागं रानात गेला. गेला, मंडळी! दारात बसून मेंढराच्या माफीची वाट नाही बघितली त्यानं!

आता आला झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आदला. सगळी मंडळी झावळ्या घेऊन फेरीला निघाली. पुढं ढोलकी, मागं टाळ, आणि सगळ्यांत पुढं सलोमीबाई. फेरी मंदिराला वळसा घालून मागच्या रस्त्याला आली. तिथं एका व्यापाऱ्याचं कांद्याचं खळं आहे. मोठं पत्र्याचं शेड. बायका खाली बसून कांदा निवडतात, गोण्या भरतात. सोमवारी गाडी भरायची म्हणून रविवारी तिथं सगळ्यांत जास्त काम! आणि मंदिराची मागची भिंत नि खळ्याचा पत्रा, मध्ये फक्त एक बोळ.

फेरीतले लोक गीताचं पहिलं कडवं म्हणाले, दुसरं म्हणाले. तिसरं कुणालाच येईना! आपलं नेहमीचंच, ओठ हलवायचे. आणि बाईंच्या कानावर आवाज आला. खळ्यातून. तिसरं कडवं. मग चौथं. एक पोरगी म्हणत होती, एकटी, एकही शब्द न चुकता.

बाई फेरीतून बाहेर पडल्या. झावळी हातात तशीच. आत गेल्या. कांद्याच्या ढिगापाशी तबिथा. कडेवर भाऊ, मोकळ्या हातानं कांदा निवडतेय. बाईंना बघून गाणं थांबलं. पोरीनं घाईघाईनं एक गोणपाट झटकलं. "बसा बाई."

बाई उभ्याच. शेवंता उठून आली. बाईंनी विचारलं, "शेवंता, ही रविवारी इथं असते?"

"मंग कुठं जाईल बाई? रविवारीच तर काम. बारक्याला कोन बघंल? तुमचा भोंगा हाय ना, त्याचं तोंड आमच्याकडंच. ही बारक्याला घेऊन त्या पत्र्यापाशी बसती. पयल्या गान्यापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत! तुमी उठा म्हनता, ही उठती. डोळे मिटा म्हनता, ही मिटती. खळ्यातल्या बाया हसायच्या हिला. म्हनायची, आई, मी उपासनेला हायेच की, आत न्हाय एवढंच. म्हनून तर बाई तिनं ती चांदणी लावली. मीच भात दिला व्हता चिकटवायला."

सलोमीबाई गोणपाटावर बसल्या.

खोटं कुठं होतं, मंडळी? "व्हते बाई" म्हणाली, ती होती! "म्या तितंच" म्हणाली, तिथंच होती! वचन सांगू का म्हणाली, तोच पुरावा होता! एवढं ऐकून घेतलं असतं तर? एक मिनिट लागलं असतं हो. एकच मिनिट!

बाईंनी पोरीचे हात धरले. कांद्यानं हिरवट झालेले, भेगाळलेले. म्हणाल्या, "तबी, मी चुकले. उद्यापासून ये. कार्ड नको, चांदणी नको, काही नको."

पोरगी रागावली नाही. रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आता नको बाई. शाळा सुटली माजी. आता सोमवारी बी खळ्यावरच असती मी."

बाईंनी पिशवीतून खडूची डबी काढली. त्या दिवशी खरवडलेली चांदणी त्यांनी फेकली नव्हती, त्या डबीत टाकली होती. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "कार्ड आण गं. लावून देते."

"कार्ड चुलीत गेलं बाई. वली लाकडं व्हती, पेटनात."

बाईंनी डबी मिटली. बाहेर फेरी पुढं निघून गेली, ढोलकीचा आवाज लांब गेला. मग तबिथानंच विचारलं, "बाई, छेद येगळे असले की बेरीज कशी करायची? तेवढं राहिलंच बगा."

बाईंनी तिथल्याच विळ्यानं एक कांदा अर्धा कापला. दुसऱ्याच्या तीन फोडी केल्या. "हा अर्धा. ही एक तृतीयांश. आता दोन्हींचे सारखे तुकडे पाडायचे –" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं. पोरगी वाकून बघतेय, ओठ हलतायत. "सहा, बाई! सहा तुकडे! पाच षष्ठांश!" इतके महिने अडलेलं गणित पाच मिनिटांत सुटलं! आणि मुकादम ओरडला, "ए बाई, माल कापू नका! चला, हात चालवा!" तबिथा उठली आणि पाटी भरायला गेली.

ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, सलोमीबाई मंडळीसमोर उभ्या राहिल्या. जी कबुली पोरीकडून मागितली होती, ती स्वतः दिली. कार्डं बंद झाली. बाई आता दर रविवारी उपासना संपली की चटई घेऊन खळ्यावर जातात. नऊ पोरं बसतात. पण त्यांत तबिथा नाही. मे महिन्यात शेवंता दुसऱ्या बाजारच्या गावी कामाला गेली, पोरांना घेऊन. कुठल्या, ते मुकादमालाही नक्की सांगता येईना. बाई तीन बाजारांना जाऊन आल्या. चांदणी अजून डबीत आहे. ती लावायला कार्ड नाही.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, बाईंना शिक्षा झाली, धडा झाला, चला प्रसादाला! थांबा. ठरावाला सात हात वर झाले होते म्हणालो ना? त्यांत एक हा होता. – बघा, नीट बघा. हाच! "हरभरे खायला येतात" हे वाक्यही माझंच. लोक हसले होते, आणि मला फार बरं वाटलं होतं. बाई तीन बाजार फिरल्या. मी गावोगाव कीर्तनं करत फिरतो, आणि प्रत्येक गावात खळ्यावर डोकावतो. अजून सापडली नाही.

आणि तुमच्याकडं येताना काय झालं, तेवढं ऐका. एस्टी फाट्यावर सोडून चालत येत होतो. तुमचं भजन भोंग्यावर लागलेलं. ओढ्यापलीकडं वीटभट्टी आहे ना, तुमचीच? तिथं एक पोरगी कच्च्या विटा थापत होती. सात-आठ वर्षांची. थापता थापता भोंग्याबरोबर गात होती. मी थांबलो. विचारलं, "काय गं, मंदिरात येतेस का?" ती म्हणाली, "रोज जाते की. हितूनच."

मंडळी, तिचं नाव काय आहे? सांगा ना! – काका, तुम्ही? बाई, तुम्ही? पहिला बाक?

कुणालाच ठाऊक नाही. ठीक आहे. थोमाभाऊ, पेटी मिटा. आज शेवटचं पद इथं नको. टाळ घ्या, सतरंज्या घ्या, उठा सगळे. अजून उजेड आहे, ओढ्याला पाणी नाही. पद आपण भट्टीवर म्हणू, आणि तिसरं कडवं कुणाला आलं नाही, तर ती सांगेल.