रक्त पोचलं

(हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाल्यामुळे शैला पुण्यातल्या एका रुग्णालयात दाखल आहे. काल सकाळी तिथंच तिला पक्षाघाताचा झटका आला. आज दुपारी नवरा सुखदेव तिच्या खाटेशी बसला आहे.)

सुखदेव : बरं, मग पुढं?

शैला : पुढं काही नाही. नारायण पेठेत आईच्या गॅलरीत पडलेय असं वाटत होतं. खालून माणसं बोलत चाललीयत. आवाज ओळखीचे, पण एकाही शब्दाचा अर्थ वर येत नव्हता.

सुखदेव : त्यात माझाही आवाज होता. 'हात उचल, शैला, हात उचल' म्हणून ओरडत होतो.

शैला : ओरडत होतास? मला वाटलं, नदीपलीकडून कोणीतरी गातंय. छान गातंय.

सुखदेव : मी?

शैला : म्हणजे मेंदूवर परिणाम झालाच होता.

सुखदेव : चेष्टा सुचते तुला! तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता. मी यवतमाळला दादाला फोन लावला. तो म्हणे, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असते, ते का देत नाहीत? मग मीही डॉक्टरांवर तापलो.

डॉ. कमरजहां : चांगलेच तापला होतात. आत येऊ का?

शैला : या ना, डॉक्टर. इंजेक्शन का नाही दिलंत, मलाही सांगा.

डॉ. कमरजहां : तुमच्या झडपेवर जंतूंचा थर साठलाय. त्याचाच एक तुकडा सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला. अशा वेळी ती रक्तवाहिनी नाजूक झालेली असू शकते. इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती फार. म्हणून जांघेतून बारीक नळी वर नेली आणि तुकडा ओढून काढला.

सुखदेव : त्यातही धोका आहे म्हणाल्या. मी विचारलं, तुमची बहीण असती तर?

शैला : मग?

सुखदेव : म्हणाल्या, हेच केलं असतं, आणि बाहेर तुमच्यासारखीच थरथरत बसले असते. तेव्हा मी हो म्हटलं.

शैला : मी तेव्हा हडपसरला ऑफिसात होते. सगळ्या स्क्रीन बंद. मजल्यावर धुकं भरलेलं, आणि टेबलं त्यात होड्यांसारखी हलतायत. भीती नव्हती. परत यावं असंही काही वाटत नव्हतं.

सुखदेव : असं नको ना बोलू.

शैला : ऐक तरी. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, 'रक्त पोचलं.' आणि मला ते कळलं. दोन्ही शब्द, अगदी स्वच्छ.

डॉ. कमरजहां : मीच म्हणाले होते ते. तुम्ही ऐकत असाल असं वाटलं नव्हतं.

सुखदेव : आता सगळं ठीक ना, डॉक्टर?

डॉ. कमरजहां : हाताला ताकद यायला वेळ लागेल. पण झडप फार खराब झालीय, तिथून पुन्हा तुकडा सुटू शकतो. आजच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया करून झडप लवकर बदलावी, असं आमच्या सर्जनचं मत आहे. माझंही.

सुखदेव : एवढ्यात? कालच तर… मी दादाला विचारतो.

डॉ. कमरजहां : जरूर विचारा. पण आधी, शैलाताई, तुमचं काय म्हणणं?

शैला : करा.

सुखदेव : शैला, नीट विचार कर. घाबरली नाहीस?

शैला : खूप घाबरलेय. पण या वेळी मला विचारलंय, ते बरं वाटतंय.