दादाच्या गाण्यांचा पासवर्ड

मी आधी करतो आणि मग विचार करतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दादा जाऊन महिना झाला होता. चांगल्या आवाजासाठी त्याने पैसे भरून घेतलेलं गाण्यांचं अ‍ॅप मी त्याच्याच स्पीकरवर लावायचो. पण गाणं मध्येच थांबायचं आणि लिहून यायचं, 'दुसऱ्या फोनवर सुरू आहे.' मला वाटलं, कुणीतरी खातं चोरलं. मी रागात पासवर्डच बदलला.

लगेच नेवाशाहून वहिनीचा फोन आला. ती माहेरी गेली होती.

"भावजी, ह्यांची गाणी बंद पडली ओ."

"तुमीच ऐकत व्हता व्हय?"

"मग दुसरं कोण ऐकणार?"

मी नवा पासवर्ड सांगितला. म्हणालो, "तुमी सकाळी ऐका, मी संध्याकाळी ऐकतो."

"संध्याकाळ मला द्या, भावजी. कामावरनं आल्यावरच लावायचे ते."

तेव्हापासून मी पहाटे उठतो.