दुसरी किल्ली

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या राजाजीनगरच्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ श्री. बिंदुमाधवराव, प्रमुख पाहुण्या कमलाअक्का, आज निवृत्तीनिमित्त ज्यांचा सत्कार होतो आहे ते माझे गुरू डॉ. वादिराजअण्णा, आणि जेवणाचा वास येत असूनही शांत बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी मनस्विनी. अण्णांच्या बालमानसोपचार केंद्रात काम करते. अण्णांबद्दल चांगलं बोलायला मला बोलावलं आहे, आणि चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हे काम मला त्यांनीच शिकवलं.

तुम्ही नेमकं काय करता, असं कमलाअक्कांनी मघाशी विचारलं. अक्का, बोलता येण्याआधीच ज्यांच्यावर भयंकर काही गुदरलं, अशी मुलं आमच्याकडे येतात. त्यांना ते सांगता येत नाही. ती खेळतात. आम्ही शेजारी बसतो आणि खेळातून ती काय सांगताहेत, ते हळूहळू शब्दांत आणतो. प्रत्येक मुलाची खेळण्यांची वेगळी पेटी असते, कुलपाची. दुसऱ्या कुणी ती उघडायची नाही. का? ज्याच्याकडून सगळं न विचारता हिसकावलं गेलं, त्याला जगात एक तरी जागा स्वतःची हवी. हे वाक्य माझं नाही, अण्णांचं आहे.

माझ्याकडे पाच वर्षांची एक मुलगी येते. खरं तर एवढंही सांगायचं नसतं, पण तिची पेटी आता तुम्ही सगळ्यांनी पाहिलीच आहे. तान्ही असताना तिची आई गेली, मग ती या घरातून त्या घरात फिरत राहिली. कितीतरी महिने तिनं पेटीला हात लावला नाही. मग एकदा आई म्हणून घेतलेली बाहुली तिनं रुमालात गुंडाळली, गाठी मारल्या आणि तळाशी ठेवली. तेव्हापासून दर सोमवारी आल्या आल्या मला विचारते, "अक्का, कुणी उघडली?" मी म्हणते, "नाही गं." गाठी चाचपते आणि मग खेळायला लागते.

बाहेर अण्णांच्या कार्याचं प्रदर्शन मांडलं आहे. झेंडूच्या माळेखालची निळी पेटी, तीच. गाठी सोडल्या आहेत. बाहुलीचे केस विंचरून तिला छान बसवलं आहे. पेटीवरचं मुलीचं नाव लोकांना दिसेल असं होतं. मी ती बाजू भिंतीकडे फिरवली, आयोजकांनी रागावू नये.

पेट्यांची दुसरी किल्ली अण्णांकडे असते, कधी आग लागली तर म्हणून. मी त्यांना तिथंच विचारलं, "अण्णा, हे कुणी केलं?"

"मीच. आयुष्यभर काय केलं ते लोकांना स्वल्प तरी दिसायला नको का? मनाला लावून घेऊ नकोस."

लावून घेतलं आहे, अण्णा. परक्यानं उघडली असती तर मी भांडले असते. असं काही झालं की आजवर मी तुमच्याकडेच धावत येत होते. आता कुणाकडे जाऊ?

मुलाशी खोटं बोलायचं नाही, हेही तुमचंच. तेव्हा सोमवारी ती विचारील, आणि मी "हो" म्हणेन. त्यानंतर ती पेटीत पुन्हा काही ठेवील की नाही, मला माहीत नाही.

मंडळानं बोलू दिलं, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. मीही कधीतरी अण्णांचं पोटात घालीन. तिच्या वतीनं मात्र मला ते करता येत नाही. पेटी मी घेऊन जाते आहे. शाल-श्रीफळ होण्याआधी ती दुसरी किल्ली तेवढी माझ्या हातात द्या, अण्णा.