विहिरीच्या पाण्याला फेस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे ते आपले मोठे साहेब, शेजारी बसलेल्या वहिनी आणि समोर जमलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

वसाहतीतल्या बायकांच्या वतीने गुच्छ द्यावा आणि दोन गोड शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलं. गुच्छ दिला. गोड शब्द होते तेवढे आधीच्या वक्त्यांनी वापरून टाकले.

साहेबांनी वर्कशॉपमागची जमीन साफ केली, हे आत्ता तीनदा ऐकलं. त्याबद्दल त्यांना ढालही मिळाली. त्या जमिनीत चाळीस वर्षांचं इंजिनाचं तेल मुरलेलं होतं. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण आमचे हे तिथे पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यांनी मला समजावलं होतं. तिथली माती काळी, पालापाचोळा कुजून कुजून झालेली. तेल त्या कुजलेल्या भागाला घट्ट धरून बसतं, नुसत्या पाण्याने हलत नाही. साबणपाणी सोडलं की मातीला सोडून पाण्याबरोबर चालू लागतं. म्हणून एका बाजूने साबणपाणी सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने ते सगळं उपसून काढायचं. भांडी घासणाऱ्या कुणालाही हे कळेल. साबण तेल नाहीसं करत नाही, सुटं करतो. सुटलेलं कुठे गेलं, ते आपण बघायचं असतं.

साहेबांनी साबणपाणी सढळ हाताने सोडलं. उपसायचे पंप मात्र चौथ्या दिवशी बंद केले, ते पुन्हा लावलेच नाहीत. पाचव्या दिवशी पाहणीला पाहुणे येणार होते, त्यांना आवाजाचा त्रास नको. पाहुण्यांची एवढी काळजी आजकाल कोण घेतं?

पुढच्याच महिन्यात वसाहतीच्या विहिरीच्या नमुन्यात तेल निघालं, आणि साबणही. साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "नमुन्याच्या बाटल्या घरी कोण धुतं? बायको ना? तिच्या साबणाने रिपोर्ट बिघडलाय." ह्यांनी पंपांचा विषय काढला, तर दार दाखवलं. ह्यांच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा बसला, नमुन्यांचं काम गेलं, गोदामात बदली झाली. तेव्हापासून ह्यांना 'साबणराव' म्हणणारे वर्कशॉपमधले भाऊ पहिल्या रांगेत हसताहेत. हसा, अजून थोडं बाकी आहे.

बाटल्या मीच धुवायची. कढत पाणी आणि तीन वेळा विसळणं, एवढंच. बाटलीला साबण लावायचा नाही, हे ह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिवाय माझ्या घरी वडी नखाएवढी झाली तरी नव्या वडीला चिकटवतात. बाटल्यांवर साबण उधळायला तो आहे कुठे? तरीही मनात आलं, भांडी घासलेल्या हाताला राहिला असेल. ह्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी मात्र सात महिने रोज देवापुढे दिवा लावताना माझ्या ह्या हातांची क्षमा मागितली.

मागच्या आठवड्यात कुंड्यांसाठी विहिरीचं पाणी काढलं आणि कोऱ्या बादलीत ओतलं. फेस आला. त्या बादलीला अजून साबण माहीतही नव्हता.

साहेब, गुच्छाशेजारी बाटली आहे, ती पिण्याची नाही. आज सकाळी प्रयोगशाळेतल्या नव्या मॅडमनी ती स्वतः धुतली, विहिरीवर स्वतः भरली आणि सील केली. मी बोटही लावलेलं नाही. अध्यक्ष महोदय, आपण एकदा हलवून बघता का? आभारी आहे. शेवटच्या रांगेतून दिसतो ना फेस? तिथे आमचे हे बसलेत, म्हणून विचारलं.

साहेब, तो शेरा तुमच्या सहीने बसला, तुमच्याच सहीने निघेल. तुमची सही आज पाच वाजेपर्यंत चालते. कागद गुच्छात खोवला आहे. पेन माझ्याकडे आहे.

संयोजकांनी मला माइक दिला, पुन्हा कधी देतील असं वाटत नाही, म्हणून आत्ताच त्यांचे मनापासून आभार मानते. वहिनी, तुमच्याशी माझं भांडण नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पदरात घ्यावं. साहेबांची क्षमा मात्र मी वेगळी मागत नाही. सात महिन्यांची आगाऊ मागून झाली आहे.

साडेचार वाजलेत. मी इथेच उभी आहे.